विडीधोंडा

शाळेतली पोरं माझ्या माघारी मला 'लवंगी बाई' म्हणतात. लवंगी म्हणजे मिरची नव्हे, फटाकडी. म्हणू देत. डोकं तापट आहे म्हणूनच ही गोष्ट घडली. थंड डोक्याची बाई असती तर तिनं कुंडाचं पाणी बघून हात जोडले असते आणि घरी जाऊन भाकरी थापली असती.

आमचं चाफेवळण आजऱ्याच्या वरच्या अंगाला, डोंगरात. गावाच्या डोक्यावर पावणाईची देवराई. राईत कोयता न्यायचा नाही, वाळकी काटकी उचलायची नाही, पायात चप्पल घालायची नाही आणि तोंडात विडी ठेवून आत पाऊल टाकायचं नाही. हे नियम माझ्या पणज्याच्याही आधीचे. आता शेवटचा नियम पाळायचा तर तोंडातली विडी कुठंतरी विझवायला हवी ना? तर राईच्या वेशीवर, पायवाटेच्या कडेला, बसलेल्या म्हशीएवढा एक काळा धोंडा आहे. गावातले गडी, जत्रेला येणारी पंचक्रोशी आणि आता सुट्टीच्या दिवशी डोंगर चढायला येणारी शहरातली टोळकी, सगळे त्याच धोंड्यावर विडी-सिगारेट चिरडतात, थोटूक तिथंच टाकतात, कान पकडतात आणि आत जातात. म्हणून तो विडीधोंडा. स्वतःच्या अंगणात बायकोनं सारवलेल्या जमिनीवर थोटूक फेकणारा गडीसुद्धा इथं वाकून विझवतो. भक्ती आहे ती, तिला नावं कशी ठेवणार!

त्या धोंड्याच्या बरोबर खालच्या अंगाला पावणाईचं कुंड. राईच्या मुळांतून, धोंड्याच्या बुडाखालून झिरपलेलं पाणी त्यात बारमाही येतं. उन्हाळ्यात ओढा आटतो, बोअरला फेस येतो, पण कुंड आटत नाही. देवीचं तीर्थ तेच, आणि चैत्र-वैशाखात गावाच्या हंड्यातलं पाणीही तेच.

आम्ही गुरव. माझे वडील, तात्या, देवीचे पुजारी. आई गेल्यापासून घरात ते आणि मी दोघंच. मी गावच्या हायस्कुलात विज्ञान शिकवते. तात्या रोज पहाटे राईकडे निघायचे, वाटेत एक विडी ओढायचे, धोंड्यावर चिरडायचे, मग कुंडातून कळशी भरून देवीला अंघोळ घालायचे. त्यात कधी खंड नाही.

आणखी एक रीत होती, वेसझाडणी. जत्रेच्या आदल्या दिवशी घरटी एकानं झाडू घेऊन धोंड्यापाशी जमायचं, वर्षभराची थोटकं टोपल्यांत भरायची आणि डोंगराच्या पलीकडच्या सड्यावर, खडकातल्या खड्ड्यात नेऊन पुरायची. घरटी एक म्हणजे अर्थात घरटी एक बाई. "ओढायची गड्यांनी आणि झाडायची आम्ही!" असं दरवर्षी करवादत बायका झाडायच्या. पण झाडायच्या.

मग माझ्या भावानं निवळ काढली.

धैर्यशील माझा धाकटा भाऊ. घरात धैर्या. पुण्याच्या एका मोठ्या प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ. लहानपणी वेसझाडणीला आईबरोबर टोपली धरायला तोच यायचा, आणि तिथंच त्याच्या डोक्यात तो किडा शिरला. सिगारेटच्या बुडाचा पांढरा बोळा कुजत का नाही?

बऱ्याच जणांना तो बोळा कापसाचा वाटतो. कापूस कसला! झाडाच्या लगद्यातलं सेल्युलोज घ्यायचं आणि त्याच्या धाग्यावर अ‍ॅसिटिल नावाच्या कणांचं चिलखत चढवायचं, की होतं सेल्युलोज अ‍ॅसिटेट. एका जातीचं प्लॅस्टिकच ते. मातीतले जीवाणू नुसतं सेल्युलोज मिटक्या मारत खातात, पण या चिलखतावर त्यांचे दात बसत नाहीत. म्हणून थोटूक वर्षानुवर्षं पडून राहतं, फार तर त्याचे बारीक बारीक तंतू होतात आणि नदीतून समुद्रात जातात. धैर्यानं एका कागद गिरणीच्या गटारात असा जीवाणू शोधला, की ज्याचं विकर ते चिलखत सोलून काढतं. विकर म्हणजे जिवंत पेशीतलं कारागीर रसायन. आपल्या तोंडातली लाळ भाताची साखर करते ना, तसलंच. हे विकर त्यानं वाळवून, मेणात घोळवून फिल्टरच्या तंतूंत पेरलं. कोरडं असेतो ते झोपलेलं. पाणी लागलं की जागं होतं, चिलखत उतरवतं, मग दुसरं विकर उघड्या धाग्याचे तुकडे करून त्याची साखर करतं. बघता बघता बोळा नाहीसा. मागं राहतो तो फक्त शिरक्यासारखा आंबूस वास, कारण उतरवलेल्या चिलखताचं तेच होतं.

सरकारनं प्लॅस्टिकचा फिल्टर बंद केला आणि देशभर धैर्याचा फिल्टर सक्तीचा झाला. तो लावलेल्या पहिल्या सिगारेटचं नाव 'निवळ'. जाहिरात होती, "ओढा, टाका, विसरा!" धैर्या टीव्हीवर दिसला त्या दिवशी तात्यांनी गावभर पेढे वाटले आणि जन्मभराची विडी सोडून निवळ धरली. "माझ्या पोराची हाय," म्हणायचे आणि पाकीट छातीच्या खिशात नाव दिसेल असं ठेवायचे. विडी मोजून ओढणारा माणूस निवळ मात्र येता-जाता ओढायला लागला. घाणच होत नाही म्हटल्यावर लाज कशाची?

विडीधोंडा पहिल्या पावसातच धुतल्यासारखा झाला. पुढच्या जत्रेला झाडायला काही उरलंच नाही. सुंठीवाचून खोकला गेला म्हणत बायकांनी झाडू टाकले, आणि वेसझाडणी बंद पडली.

दोन वर्षं अशी छान गेली. तिसऱ्या चैत्रात माझ्या शाळेतले मासे मेले.

शाळेच्या प्रयोगशाळेत गप्पी माशांची काचपेटी आहे. डासांच्या अळ्या खातात म्हणून आरोग्य खात्यानं हे मासे गावोगावच्या पाण्यात सोडले, त्यातलेच थोडे मी पोरांसाठी ठेवले होते. बोअरचं पाणी जड झालं होतं म्हणून मी कुंडातून घागर आणली आणि पेटी भरली. मधल्या सुट्टीत येऊन बघते तर सगळे मासे पोट वर करून तरंगतायत. मी आधी अख्ख्या नववीला झाडलं, कुणी काय टाकलं म्हणून. पोरं बिचारी एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग आरोग्य केंद्रातून दुसरे मासे आणले. अर्धे बोअरच्या पाण्यात सोडले, अर्धे कुंडाच्या. बोअरचे पळत होते. कुंडाचे शाळा सुटायच्या आत गेले.

तडक कुंडावर गेले. पाणी निवळशंख! तळातला खडान्‌खडा दिसत होता. काठावरच्या सरकारी जलपेटीवर हिरवा दिवा जळत होता, म्हणजे जंतू नाहीत, क्षार नाहीत, पाणी उत्तम. पण त्या दिव्याला जे विचारलंय तेवढंच तो सांगणार. मी पायरीवर बसून पाण्यात, दगडांखाली एकेक शोधायला लागले. बेडूक नव्हता. पाण्यावर धावणारे कोळी नव्हते. दगडाखाली खेकडा नव्हता. डासाची एक अळी नव्हती. पाणी इतकं स्वच्छ होतं, कारण त्यात जिवंत असं काही उरलंच नव्हतं. आणि वरून, धोंड्याकडून, शिरक्याचा वास येत होता.

फिल्टरचं काम काय? धुरातलं थोडंफार विष अडवणं. निकोटिन, डांबर, शिसं, कॅडमियम, आर्सेनिक, थोडं थोडं सगळंच त्या बोळ्यात अडकून बसतं. असलं एक थोटूक लिटरभर पाण्यात भिजलं तर त्यातले निम्मे मासे मरतात, हे तर फार जुनं संशोधन आहे. पूर्वीही पावसात काही झिरपत असणारच, पण बराचसा माल बोळ्यात बसून राहायचा आणि आमच्या करवादणाऱ्या बायका तो टोपल्यांत भरून सड्यावर न्यायच्या. आता बोळा विरघळत होता आणि त्यातलं सगळं विष एकदम मोकळं सुटून उतारानं कुंडात येत होतं. घाण गेली नव्हती. दिसायची बंद झाली होती. दृष्टीआड सृष्टी!

घरी येऊन धैर्याला फोन लावला.

"आक्का, हे शक्य नाही," तो म्हणाला. "आम्ही गणित केलंय. थोटकं विखरून पडतात, पाऊस येतो, ओढ्यानदीत जाऊन इतकी पातळ होतात की..."

"तुझ्या गणितात विडीधोंडा होता का रे?"

"अगं आक्का, सरासरी काढताना..."

"धैर्या, तू त्या धोंड्यापाशी टोपली धरून उभा राहायचास. तुझ्या गणितात तो होता का?"

"एका गावातला एक धोंडा, आक्का."

"एका गावातला? एसटी स्टँडमागचं गटार काय आहे? दवाखान्याच्या दारातला कोपरा? कॉलेजच्या कट्ट्याखालचा नाला? माणूस ओढतो एकटा, पण टाकतो जिथं सगळे टाकतात तिथंच. तुला कोणी सांगितलं विखरून पडतात म्हणून?"

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग आवाज उतरवून म्हणाला, "जत्रेला येतोच आहे. मग बघू. तोवर कुठं बोलू नकोस. बाहेरच्या देशांशी बोलणी चाललीत. आत्ता बोभाटा झाला तर काय होईल माहितीय? पुन्हा प्लॅस्टिक येईल. ते समुद्रात जाईल, कासवं खातील, पाखरं पिलांना भरवतील. ते हवंय तुला?"

याचं उत्तर मला पटकन सुचलं नाही, आणि उत्तर सुचलं नाही की मी फोन ठेवते. पण एक गोष्ट मला लख्ख दिसत होती. गावाच्या हंड्यांत तर हे पाणी रोज जातच होतं, वर जत्रा तोंडावर आलेली. दहा गावची माणसं येणार, धोंड्यावर शेकड्यांनी निवळ चिरडणार, आणि खालच्याच कुंडातलं तीर्थ ओंजळीनं पिणार. अंगावरच्या लेकरांच्या तोंडात थेंब थेंब सोडणार. बाटल्या भरून आजारी माणसांसाठी घरी नेणार. मोठा माणूस त्यानं लगेच काही आडवा पडला नसता. पण शिसं आणि आर्सेनिक म्हणजे काही पंचामृत नव्हे, आणि ते माझ्या डोळ्यांदेखत लेकरांच्या पोटात जाणार होतं. ते मी होऊ देणार नव्हते. भाऊ राहो नाहीतर तुटो.

संध्याकाळी तात्या परसात मिरचीला पाणी घालत होते.

"तात्या, मिरचीवर मावा पडला की आपण काय मारतो?"

"तंबाखूचं पाणी. का गं?"

"त्यानं काय होतं?"

"मरतोय की मावा. ह्ये काय विचारणं झालं व्हय?"

"तेच पाणी देवीच्या कुंडात उतरतंय, तात्या. विडीधोंड्यावरनं. कुंडात एक बेडूक उरला नाही."

त्यांनी झारी खाली ठेवली. "पावणाईच्या तीर्थाला ईख म्हणतीस?"

"तीर्थाला नाही म्हणत. त्यात जे पडतंय त्याला विष म्हणते."

"त्यात माझ्या पोराचं पडतंय," ते म्हणाले. "माझ्या पोरानं सारा देश साफ केला, टीव्हीवाली दारात आली, आन् तू घरातली घरात त्याला खाली वढाय निघालीस? भावाचं बरं झालं ते बघवंना व्हय तुला?"

हे मला फार लागलं. मी त्याला खांद्यावर घेऊन वाढवलेला, त्याच्या शिक्षणाच्या वेळी स्वतःचं लग्न लांबवता लांबवता राहूनच गेलेलं, आणि मला म्हणे बघवत नाही! मी काहीबाही बोलले, तेही बोलले. त्या दिवसापासून तात्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. चहाचा कप उंबऱ्यावर ठेवायचा आणि त्यांनी तो घ्यायचा, इतकंच.

मग मी ग्रामसभेत गेले. मेलेल्या माशांची बरणी टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. सरपंच ऋतुराज, माझाच विद्यार्थी. त्यानं बरणी दोन बोटांनी लांब सरकवली.

"बाई, मासं उन्हानं बी मरत्यात."

"ऋतुराज, सातवीत तू लिटमस कागद चाटून बघितला होतास. विज्ञानातलं मला तू सांगू नकोस."

सभा हसली. पण हसून माणसं पटतात असं नाही. जलपेटीचा दिवा हिरवा आहे, धैर्यशील एवढा मोठा शास्त्रज्ञ, तो चुकेल होय, आणि ऐन जत्रेत तीर्थ बंद केलं तर पंचक्रोशीत तोंड कुठं दाखवायचं, असं सगळे एकदम बोलायला लागले. शेवटी ऋतुराजनं हात वर केला. "देवीचं पाणी हाय. देवीलाच इचारू. जत्रेच्या सकाळी तात्या कौल लावतील. उजवा आला तर तीर्थ चालू, डावा आला तर बंद."

आमच्याकडे देवीच्या मूर्तीला दोन्ही अंगांनी भिजलेल्या पाकळ्या चिकटवतात आणि प्रश्न विचारतात. उजवीकडची आधी पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. लग्नं अशी ठरली आहेत, वाटण्या अशा झाल्या आहेत. सगळ्यांना ते एकदम पसंत पडलं.

मी उभी राहिले. "पाकळ्या कुठंही पडू देत. जत्रेच्या सकाळी मी कुंडाच्या पायरीवर बसणार. ज्याला तीर्थ भरायचंय त्यानं माझ्या अंगावरून जाऊन भरावं."

जत्रेच्या सकाळी मी खरंच जाऊन बसले. शेजारी बोअरच्या पाण्याचा रांजण आणि पेला. राईत हलगी वाजत होती. माणसं येत होती, धोंड्यावर थोटकं चिरडत होती, कान पकडत होती, आणि मला बघून थबकत होती. काही बायका रांजणातलं पाणी पिऊन गेल्या. एक म्हातारा "येडी झालीया गुरवाची पोरगी," म्हणत पुढं गेला. मी हलले नाही.

धैर्याची गाडी आली तेव्हा हलगीवाले त्याला आणायला वेशीपर्यंत गेले. फेटा, हार, शाल. माझ्यासमोरून जाताना त्यानं एकदाच माझ्याकडे बघितलं. डोळे सुजलेले होते त्याचे. कित्येक दिवस झोपला नसावा.

त्याच्या मागून तात्या आले, सोवळं नेसून, हातात तांब्याची कळशी. माझ्यासमोर थांबले.

"बाजूला सर," म्हणाले. इतक्या दिवसांतला हा पहिला शब्द.

मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी पाय उचलला आणि माझ्या मांडीला न लागता, बाजूच्या दगडावरून, पाण्यापर्यंत गेले. बापाला धक्का द्यायला माझा हात उठला नाही. कळशी भरली आणि ते निघून गेले. मला इतकं रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला, स्वतःचाच. मी उठून त्यांच्या मागं देवळात गेले.

गाभाऱ्यासमोर तोबा गर्दी. तात्यांनी पाकळ्या पाण्यात भिजवल्या, हातात घेतल्या. हलगी थांबली. सगळे त्यांच्या बोटांकडे बघत होते. तात्या मूर्तीकडे वळले, आणि तसेच उभे राहिले.

"काय झालं, तात्या?" ऋतुराजनं विचारलं.

तात्यांनी पाकळ्या परत ताटात ठेवल्या.

"ठाव नसतंय त्ये देवीला इचारायचं," ते म्हणाले. "काल पहाटं मी धोंड्यापाशी बसलो. सिगारेट न वढता बसलो, आन् बघितलं. धोंड्याच्या बुडात विरल्या थोटकांच्या गोडाला मुंग्या आल्यात, त्या तिथंच मेल्यात. रांगच्या रांग. रोज तिथनं जातो मी, कवा बघितलं न्हाई. मग म्हणलं, ज्याला ठाव हाय त्यालाच इचारू, देवीला कशाला तरास?" ते वळले. "धैर्या, हिकडं ये."

धैर्या पुढं झाला. तात्यांनी कळशीत पळी बुडवली.

"दरसाल पयलं तीर्थ गुरवाच्या घरचा घेतोय. औंदा तू घे. तू घेतलंस की सगळी घेतील, आन् तुझ्या आक्काला मी सगळ्यांदेखत माफी मागाय लावीन."

धैर्यानं उजव्या हाताचा पसा केला. तात्यांनी पळी ओतली. त्यानं हात ओठांपर्यंत नेला.

आणि हात तिथंच थांबला.

"घे की," तात्या म्हणाले. मला तेव्हा कळलं की त्यांना उत्तर आधीच ठाऊक आहे, आणि तरी म्हातारा जीव मनात म्हणतोय की पोरानं प्यावं, सगळं खोटं ठरावं. "घे बाळा."

धैर्याच्या बोटांतून पाणी फरशीवर ठिबकायला लागलं. गर्दीत कुठंतरी एक लेकरू रडलं, तेवढाच आवाज.

"नको, तात्या."

"का?"

शहरातली भाषा कुठल्या कुठं गेली त्याची. "आक्काचं खरं हाय," तो म्हणाला. "तिचा फोन आल्यावर मी प्रयोगशाळेत भांडं लावलं. सगळी थोटकं एकाच जागी टाकून, त्यावर थोडंच पाणी सोडून. तिचं खरं हाय, तात्या. कुणी पिऊ नका ह्ये."

तात्यांनी हळूच खाली वाकून त्याचा ओला हात स्वतःच्या उपरण्यानं पुसला. मग कमरेला खोचलेलं निवळचं पाकीट काढलं आणि त्याच हातावर ठेवलं.

"ह्ये तुझं," म्हणाले. "घिऊन जा."

त्या दुपारी जत्रेतच वेसझाडणी झाली. गड्यांनी झाडलं. बायकांनी हाताची घडी घालून नुसतं बघितलं आणि "तिकडच्या कोपऱ्यात राहिलं की ओ," असं सांगत उभ्या राहिल्या. दिसायला काही नव्हतंच, म्हणून माती उकरावी लागली. धोंड्याभोवतीची वीतभर माती खणून पाट्यांनी सड्यावर नेली, खड्ड्याला खाली जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरून पुरली. धैर्यानं शाल झाडाला टांगली होती आणि फावडं मारत होता. तळहाताला फोड आले त्याच्या.

"तू फोनवर विचारलं होतंस, प्लॅस्टिक परत आलेलं हवंय का," मी म्हटलं. "तेव्हा मला उत्तर सुचलं नव्हतं."

"मला सुचलंय," तो म्हणाला. "फिल्टरच नको. जुना नको, माझाही नको. फिल्टरनं ओढणाऱ्याचं फुप्फुस कधी वाचवलं नाही, आक्का. आपलं जरा हलकं आहे, असा भास तेवढा दिला. आणि माझ्यानं दुसरा भास दिला, की आपलं स्वच्छ आहे. हे मी दिल्लीला जाऊन सांगणार."

"आणि नोकरी?"

"ती जाईल."

गेलीच. पण तो गेला दिल्लीला, भांड्याचे आकडे घेऊन. समितीवर समिती बसते आहे. काही मोठ्या तळ्यांकाठी निवळवर बंदी आली आहे, बाकी घोंगडं भिजत पडलंय. धैर्या प्रत्येक सुनावणीला जाऊन पुढच्या खुर्चीत बसतो. चिवट आहे, माझाच भाऊ.

आम्ही गावात दिल्लीची वाट बघितली नाही. दस्तगीर मुल्लाणींच्या दुकानात आता नियम आहे, जुन्या पाकिटात थोटकं भरून आणा, तरच नवं पाकीट. शहरातल्या टोळक्यांना डोंगराच्या पायथ्याशी झाकणाचा डबा हातात मिळतो, थोटूक त्यात, आणि उतरताना डबा परत. सगळी थोटकं तालुक्याच्या विषारी कचऱ्यात जातात. हा असा खटाटोप हाताशी आला की ओढणं आपोआप कमी होतं, हे दस्तगीरभाईच कुरकुरत सांगतात.

आणि विडीधोंड्याचं काय करायचं, हे तात्यांनी ठरवलं. पाट्या लिहा, कुंपण घाला, कॅमेरा लावा, लोक काय काय सुचवत होते. तात्या एका मंगळवारी उठले, धोंडा ओल्या फडक्यानं पुसून काढला आणि त्याला मी तपासून दिलेला बिनशिशाचा शेंदूर फासला. झालं! शेंदूर लागलेल्या धोंड्यावर विडी विझवायची कोणाची छाती आहे? आता माणसं तिथं नारळ ठेवतात.

तात्यांची स्वतःची सिगारेट मात्र अशी मंत्रानं सुटली नाही. पहिले काही महिने म्हातारा नुसता पेटलेला. भाजीला मीठ कमी म्हणून ताट सरकवायचे, देवीवर चिडायचे, माझ्यावर तर रोजच. बडीशेप चावून चावून गाल आत गेले. एकदा मी त्यांना परसात मिरचीच्या रोपांमागं नुसतीच वाळकी काडी तोंडात धरून बसलेलं पकडलं. दोघंही हसलो. पण परत हात लावला नाही त्यांनी.

यंदाच्या चैत्रात मी रोज शाळा सुटली की कुंडावर जाऊन बसायची. हिरवा दिवा नेहमीसारखा जळत होता. त्याच्याकडे मी बघतच नव्हते. एका संध्याकाळी कडेच्या दगडापाशी, सावलीत, पाण्यात काहीतरी वळवळलं. मी पालथी पडून बघितलं. बारीक, तपकिरी, शेपटी वर करून लटकलेल्या. एक नाही, चांगल्या पुष्कळ. आयुष्यात पहिल्यांदा डासाच्या अळ्या बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"तात्या!" मी ओरडले. "अळ्या झाल्यात! डासाच्या!"

तात्या देवळातून काठी टेकत आले, वाकून वाकून बघितलं. "आता चावणार की गं ह्ये सगळ्यास्नी," म्हणाले.

"चावू देत!"

तिथूनच धैर्याला फोन लावला. "कुंडात डास झालेत," मी म्हटलं. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज तेवढा आला. मग सावरून, शास्त्रज्ञासारखा म्हणाला, "गप्पी मासे आणून सोडू का, आक्का?"

"थांब जरा," मी म्हटलं. "आधी बेडकांना येऊ दे. पहिलं ताट त्यांचं."